परसातला तवा

"हा तवा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. का, ते विचारायचं नाही."

बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या या घरातल्या प्रत्येक पोराने हे वाक्य चालायला लागल्याबरोबर ऐकलेलं आहे. मी तोच तवा बोलतोय. परसात धुण्याच्या दगडाशेजारी, भिंतीतल्या खिळ्याला टांगलेला. एका बाजूला फुटकी बादली, दुसऱ्या बाजूला खराटा. माझ्याशी बोलायला एक पाल असते, आणि तीही किडा दिसला की निघून जाते.

तुमच्या घरच्या तव्यासारखा मी दिसत नाही. मी जाड आहे, सपाट आहे, आणि बादलीला असते तशी एक कमानदार कडी माझ्यावरून जाते. कारण माझ्या गावी तवा चुलीवर ठेवत नाहीत, जाळावर टांगतात. माझं गाव आयर्लंडात. पश्चिमेच्या क्लेअर परगण्यात एनिस म्हणून गाव आहे, तिथल्या बाजारात एका बाईने मला लोखंडी सामानाच्या ढिगातून उचललं, बोटाने वाजवून पाहिलं आणि घरी नेलं. त्या घरी जाळायला लाकूड नव्हतं. दलदलीतली माती विटांसारखी कापायची, उन्हावाऱ्यात वाळवायची आणि तीच जाळायची. तो धूर अजून माझ्या अंगात आहे. इथे कुणाला तो वास येत नाही.

त्या बाईची थोरली मुलगी नोरा. ती नर्स झाली, बेंगळूरच्या कँटोन्मेंटमधल्या एका इस्पितळात तिला नोकरी मिळाली. आईने तिच्या ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी मला ठेवलं.

"एवढं ओझं कशाला, आई?"

"जाशील तिथे भाकरी तरी भाजता येईल."

त्या दोघी पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

इस्पितळात विश्वेश्वर नावाचा एक मराठी तरुण टायफॉइडने एकवीस दिवस पडून होता. नोराने त्याला जगवलं आणि त्याने तिच्याशी लग्न केलं. त्याचं घराणं साडेतीनशे वर्षं बेंगळुरात राहिलेलं. बोलण्यात कानडी शिरली, ताटात आमटीच्या जागी सारू शिरलं, पण सोवळं तसूभर सैल झालं नव्हतं. नोराची नर्मदा झाली. घाऱ्या डोळ्यांबद्दल कुणी विचारलंच, तर "कोकणातली आहे" असं सांगायचं ठरलं. तिला परसातली खोली मिळाली, मला तीन विटा मिळाल्या. स्वयंपाकघर आम्हा दोघांनाही मिळालं नाही.

दर रविवारी ती पीठ, ताक, मीठ आणि सोडा कालवायची, जाड भाकरी थापायची आणि सुरीने वर फुली पाडायची. चार तुकडे. भीमा आणि अहल्या, तिची दोन मुलं, विटांभोवती उकिडवी बसून वाट बघायची. भाकरी झाली, मी गार झालो, की ती माझ्यावरच कागद ठेवून आईला पत्र लिहायची. कागदाला माझ्या तेलाचा डाग पडायचा. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट ती म्हणायची, आईला ओळखू येईल.

काय लिहायची, ते मला कळायचं. "सासूबाईंना माझी भाकरी फार आवडते." सासूबाईंनी त्या भाकरीचा कण कधी तोंडात घातला नाही.

मग भीमाची मुंज आली. मुंजीत मातृभोजन असतं. मुलगा आईशेजारी बसून तिच्याच ताटात शेवटचं जेवतो, त्यानंतर तो मोठा झाला. भीमा आठ वर्षांचा होता. त्या दिवशी त्याच्या आईच्या जागी त्याची काकू बसली. पाहुण्यांना सांगितलं, नर्मदेला ताप आहे.

नोराला ताप नव्हता. ती परसात माझ्यासमोर बसून भाकरी भाजत होती. तीन तुकडे तिने अहल्येला दिले. चौथा ठेवला. संध्याकाळी भीमा मागच्या दाराशी आला. मुंडन केलेलं डोकं, कमरेला लंगोटी. उंबऱ्यावरच थांबला.

"मला आता हे चालत नाही, अम्मा."

आणि आत गेला. त्या पोराला मी दोष देत नाही. ज्यांनी त्याला हे पाठ करून घेतलं, त्यांना देतो. चौथा तुकडा रात्रभर माझ्यावर होता, सकाळी कावळ्याने नेला. त्या संध्याकाळीही नोराने पत्र लिहिलं. माझ्यावरच कागद ठेवून.

पुढे विश्वेश्वर गेला, सासूबाई गेल्या, नोरा गेली. बेंगळूरच्या पेठेतलं ते जुनं घर सोडून मंडळी इथे राजाजीनगरात आली. सासूबाई जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी नव्या घराच्या परसात माझ्यासाठी पहिल्याच दिवशी खिळा ठोकला गेला. नियम करणारी माणसं मरतात, खिळे मात्र दुसरे कुणी ठोकत राहतात. वर्षातून एकदा, नोराच्या तिथीच्या दुसऱ्या दिवशी, अहल्या मला खाली काढायची आणि परसातच ती भाकरी भाजायची. वर फुली, चार तुकडे. चारच का, असं कुणी पोर विचारायचं. "चार वेद," ती ठणकावून सांगायची. भीमा त्या दिवशी न चुकता देवळात जायचा.

भीमा आता त्र्याऐंशी वर्षांचा आहे. भीमाचार्य, घरात सगळे त्याला अण्णा म्हणतात. अहल्या झाली अक्का. अण्णांची नात आश्लेषा तेवीस वर्षांची. हेब्बाळच्या एका कंपनीत जाते आणि कुठल्याही गोष्टीला आधी "का?" विचारते. एकदा दिवाणखान्यातल्या अण्णांच्या मुंजीच्या फोटोत, त्यांच्याशेजारी ताटाशी बसलेल्या बाईकडे बोट दाखवून तिने विचारलं, "अण्णा, ही तुमची आई?"

"काकू."

"मग आई कुठाय?"

अण्णा पेपर वाचायला लागले.

तिने जुन्या ट्रंकेतून पत्ता शोधला आणि क्लेअरला लिहिलं. उत्तर आलं. नोराच्या भावंडांची सगळी मुलं-नातवंडं, बोस्टनची, मेलबर्नची, या वर्षी गावच्या हॉलमध्ये जमणार होती. बेंगळूरच्यांनी यावंच. अण्णांचे गुडघे विमानात बसण्यातले नव्हते, तेव्हा स्क्रीनवरून भेटायचं ठरलं. आणि स्क्रीनवर येताना नोराचं काहीतरी समोर ठेवा, असं त्यांनी लिहिलं होतं.

त्या दिवशी दुपारी आश्लेषाने मला खिळ्यावरून काढलं. काथ्याने घासलं, खोबरेल लावलं. तिच्या हातांना घाई होती, पण माझ्या कडीतली माती तिने काडीने कोरून काढली. मग मला छातीशी धरून ती उंबरा ओलांडून आत आली. पंचाऐंशी वर्षांत पहिल्यांदा मी छपराखाली आलो. मला त्या स्वयंपाकघराचं फार काही वाटलं नाही. छोटंसं होतं.

"अय्यो! तो आत कशाला?" अक्का उठूनच उभी राहिली.

"नोराची वस्तू समोर ठेवायला सांगितलंय."

"तिची साडी आहे की कपाटात! याला ठेव मागे. स्वल्प ऐकत जा गं मोठ्यांचं."

आश्लेषाचा भाऊ कार्तिक वायरी जोडत होता. "अक्का, या लॅपटॉपला तरी कुठे सोवळं आहे?"

"तू गप. आणि आश्लेषा, ऐक. माझं इंग्रजी तुटकं. बोलणार तू. आई राणीसारखी राहिली, एवढंच सांगायचं. घरातलं घरात."

अण्णा धुतलेलं धोतर नेसून, हात मांडीवर ठेवून, मुंजीच्या फोटोखाली बसले होते. आश्लेषाने मला टेबलावर त्यांच्यासमोर ठेवलं.

पडदा उजळला. हॉलभर माणसं, आणि निम्म्यांचे डोळे घारे. मधे शहाऐंशी वर्षांची ब्रिजेट, नोराच्या भावाची मुलगी. तिच्यामागच्या टेबलावर भाकऱ्या मांडलेल्या, प्रत्येकीवर फुली.

"अक्का," कार्तिक पुटपुटला, "चार वेद तिकडेपण पोचलेत."

अक्का पदराने तोंड पुसत राहिली.

ब्रिजेटने मला पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "आजी सांगायची ती कडी हीच," ती म्हणाली. मग तिने एक पिवळा कागद उचलला. कोपऱ्यात माझ्या तेलाचा डाग होता. त्या कागदाला मी किती वर्षांनी पाहत होतो!

"आमची आजी हे पत्र उशाखाली ठेवून गेली," ती म्हणाली आणि वाचायला लागली. "'आई, आज भीमाचा मोठा समारंभ झाला. इथली रीत अशी, की मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो. आम्ही दोघं एका ताटात जेवलो. सगळं घर बघत होतं. तू माझी काळजी करू नकोस.'"

तिने चष्मा काढला. "तो भीमा आज आहे का?"

अण्णांनी हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा.

"काय जेवलात हो त्या दिवशी दोघं? आजी मरेपर्यंत विचारत होती. आम्हाला सांगता आलं नाही."

इंग्रजी अण्णांना येतं. पण ते मान वर करून फोटोकडे बघायला लागले. हॉलमधली सगळी माणसं वाट बघत होती, आणि मीही. मला अजून काही मागायचं नाही. पुन्हा टांगा, भंगारात घाला, चालेल. फक्त त्या चौथ्या तुकड्याबद्दल कुणीतरी एकदा खरं बोला.

"सांग ना गं," अक्का आश्लेषाच्या कोपराला ढोसत कुजबुजली. "वरणभात जेवले म्हणून सांग. गोड होऊन जाईल सगळं."

"नाही."

"आश्लेषा!"

"नाही सांगणार. नोरा तिच्या आईसाठी खोटं लिहीत होती, अक्का. तिची आई आता नाही. आता हे खोटं कुणासाठी?" तिने हात वर करून भिंतीकडे दाखवलं. "फोटोत काकू बसलीय. आणि आज मी त्या माणसांना नोरा बसली होती म्हणून सांगू? मी नाही सांगणार. काय झालं ते अण्णा सांगतील, नाहीतर मी सांगेन."

अण्णांचा हात अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला आणि माझ्या कडीवर टेकला. मग पडद्याकडे बघत ते इंग्रजीत सांगायला लागले, त्या चौथ्या तुकड्यापासून.