नव्वद वर्षांपूर्वी ओरवांना दिसत होतं

सुरुवात एका फोटोपासून.

फोटोत चार ओरव त्यांच्याच यानाच्या पुलावरून चाललेत. सरळ, बिनधास्त. एकाने मागे वळून दुसऱ्याकडे बघितलंय.

चूक शोधा.

सापडणार नाही. ओरव कोण हेच माहीत नसेल तर कशी सापडेल? थांबा, आधी ते सांगते.

'परतीची कक्षा' ही मालिका नऊ वर्षांपूर्वी सव्वीस भाग चालली. माणसांचं एक यान आणि त्याच्या वाटेत भेटणारी परग्रहावरची जमात, ओरव. मोठी राखाडी तोंडं, बशीएवढे डोळे. ओरव कधी एकटे चालत नाहीत. पुढे एकजण दिवा धरून चालतो आणि मागून ते, डुलत, बिचकत. दिवा धरणारा वेगळा दिसतो. ठेंगणा, चेहरा माणसासारखा, फक्त राखाडी. तो बोलत नाही. प्रेक्षकांनी त्याचं नाव उजेड्या ठेवलं.

प्रेक्षकांनी म्हणजे मी. वैष्णवी. तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि इंटरनेटवर ओरवांचा कोश लिहीत होते. एकशे बारा पानं. त्यातली एकेचाळीस उजेड्यावर: तो ओरवांमधला तिसरा प्रकार कसा, जन्मतः कसा ओळखू येतो, त्याला आवाज का नाही.

त्या कोशाच्या जिवावर मला नोकरी लागली. आता मालिकेच्या आधीची गोष्ट बनतेय, नव्वद वर्षं आधीची, आणि मी तिची कंटिन्युइटी बघते. जुन्यात जे दाखवलं ते नव्यात खोटं पडू द्यायचं नाही, एवढंच काम.

आता फोटो परत बघा. तो या नव्या गोष्टीतला आहे. उजेड्या नाही.

*

गुरुवार. द्वारका चौकात टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. खिडकी बंद केली तरी हॉर्न आत येतात.

महेशदादा, म्हणजे नव्या मालिकेचा लेखक आणि निर्माताही, फोटो टेबलावर ठेवून बसला होता.

"चॅनलवाल्यांचा फोन येऊन गेला. फोटो बाहेर कसा गेला ते नंतर बघू. लोक विचारतायत, उजेड्या कुठाय?"

"माझ्या चेहऱ्यांतून स्वच्छ दिसतं," अरफा म्हणाली. नवे सिलिकॉनचे चेहरे तिने केलेत. पापण्यासुद्धा हलतात. "दिसतंय त्याला दिवा कशाला दाखवायचा यार?"

"तुझं बरोबर आहे. पण मग नव्वद वर्षांनी का दाखवावा लागतो?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"तो जन्मतःच वेगळा असतो," मी म्हटलं. "कोशात आहे."

"जन्मतः आहे, मग या गोष्टीत कुठे गेला? सुट्टीवर?"

"आणि तोंडं?" अरफा म्हणाली. "माझे चेहरे आणि जुनी तोंडं शेजारी ठेवून बघ. चुलतभाऊसुद्धा वाटत नाहीत."

"ते आता बदलता येणार नाही. वैष्णवी, ऐक. सोमवारी नऊला पहिला शॉट. तोपर्यंत एक कारण आण. तोंडं का बदलली आणि दिवा का आला, दोन्हीला पुरेल असं. नाही आणलंस तर ओरव बाद. त्यांच्या जागी दुसऱ्या यानातली माणसं घालतो."

"ओरव नसलेली 'परतीची कक्षा'?"

"स्वस्त पडेल," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

*

कारणं (सगळी खोडलेली)

साथ आली, नजर गेली, तोंडं सुजली.
महेशदादा: साथ नको. लोकांना वीट आलाय.

त्यांचा सूर्य विझत गेला.
अरफा: मग यानातल्या ट्यूबलाइटखाली काय प्रॉब्लेम आहे?

हे ओरव वेगळ्या वंशाचे.
मीच खोडलं. काहीच सुचत नसलं की लोक वेगळा वंश काढतात.

कारण नाहीच, दुर्लक्ष करा.
हे चॅनलने सुचवलं होतं.

शिवाय एक जुनं दुखणं आहे. अकराव्या भागात एक ओरव मरतो. सगळ्यांसमोर, ढसाढसा संगीत लावून. चौदाव्या भागात तो मागे उभा आहे. तेच तोंड, कपाळावर तोच ओरखडा. नऊ वर्षांत या मढ्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

*

जुन्या फायलीत एक ओळ सापडली. मुखवटे: धोंडीराम, पेठ तालुका. खाली गावाचं नाव.

कोश लिहिताना मी शब्दकोश चाळले, शरीरशास्त्राची पुस्तकं चाळली, वटवाघळांवरचे लेख वाचले. ज्याने तोंडं केली त्याला विचारावं असं कधी डोक्यातच आलं नाही.

शनिवारी सकाळची पेठची एसटी. सावळघाटात पुढच्या सीटवरची बाई दोनदा ओकली आणि दोन्ही वेळा मला "सॉरी हां ताई" म्हणाली.

*

फोनवर रेकॉर्ड केलेलं. आधी कुठे बसलो होतो ते सांगते. अंगण. दोरीवर आणि टोपल्यांवर कागदाच्या लगद्याचे मुखवटे वाळत घातलेले. थोड्या दिवसांनी गावात बोहाडा, म्हणजे देवांची आणि राक्षसांची सोंगं रात्रभर नाचणार. त्यासाठी जुने मुखवटे परत रंगवायला आलेले. धोंडीरामबाबा सत्तरीचे. रंगाचं काम त्यांच्या बायकोचं, कुसाबाईंचं. कुणाचा आवाज कुणाचा ते कळेलच.

"ती राखाडी तोंडं ना? अकरा केली व्हती. हाय लक्षात. त्यांनी चित्र दिलं व्हतं, डोळ्याला भोकं दावलेली. मी म्हनलं, आमच्या घरात डोळ्याला भोक पाडत नाय. डोळा रंगवायचा. भोक पाडलं तर त्यो डोळा कसला?"

"मग आतल्या माणसाला दिसायचं कसं?"

"नाकातून. खाली बघायचं, जिमिनीकडं. पुढं टेंभा धरून मानूस चालतो, त्याचे पाय बघत जायचं. आमच्याकडं समद्यांना सवय हाय. तुमच्या शहरातल्या पोरांना नव्हती. पयल्याच दिशी दोघं जाऊन खांबाला धडकली."

(कुसाबाई हसतात. बराच वेळ.)

"एक तर उताणा पडला. कागद फाटंल म्हनून यांचा जीव वर, पोराचं काय नाय."

"मग?"

"मग आमचा चंदर गेलता ना संगं, पुतण्या. त्यो म्हनला, मी हुभा ऱ्हातो दिवा घेऊन पुढं. त्याच्या तोंडाला बी राख फासली आन् घेतला फोटूत."

(इथे नऊ सेकंद नुसता कोंबडीचा आवाज आहे. ती नऊ सेकंदं म्हणजे माझी एकेचाळीस पानं.)

"काय झालं, बाय? गप का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. कोश, तिसरा प्रकार, आवाज नसणं, नवे चेहरे, सोमवार. मला वाटलं होतं हसतील. धोंडीरामबाबांनी हातातला मुखवटा खाली ठेवला.

"म्हंजी आदी त्यांना दिसत व्हतं."

"हो. नव्या गोष्टीत दिसतं."

"आन् मंग दिसायचं बंद झालं. कशापायी?"

"तेच तर विचारायला आले, बाबा."

"बंद कशाला व्हईल," कुसाबाई म्हणाल्या. ब्रश तोंडात धरून बोलत होत्या. "सोंग घेतलं आसंल."

"कुणी?"

"त्याच लोकांनी. तुमच्या यानात यायचं व्हतं ना? परक्याच्या दारात जायचं तर सोंग घेऊन गेली. घरी काय रोज कुनी सोंग लावून भाकरी खातंय?"

मी रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी म्हणते, ते नीट ऐकू येत नाही.

जुन्या मालिकेत आम्ही ओरवांचे चेहरे बघितलेच नव्हते. सव्वीस भाग आम्ही त्यांचे मुखवटे बघत होतो. ओरवांचं घर एकाही भागात दाखवलेलं नाही, ते मी मनातल्या मनात तपासलं. दोनदा.

"आणि मावशी, त्यातला एक मरतो. तीन भागांनंतर परत दिसतो, तेच तोंड."

"मंग? सोंग घराचं आसतं. आमच्यात नरशिव्हाचं सोंग ज्या घरचं त्याच घरचं. बाप गेला की पोरगा घेतो. तोंड तेच ऱ्हातं. त्यात इचारायचं काय?"

नऊ वर्षं. आणि तिचा ब्रशसुद्धा थांबला नाही.

*

अकरातलं एक तोंड शूटिंगनंतर त्यांच्याकडे परत आलं होतं. ते त्यांनी साडीच्या तुकड्यात बांधून दिलं. परतीच्या एसटीत ते बाजूच्या सीटवर ठेवलं. कंडक्टरने विचारलं, "बाजूच्याचं तिकीट?" मग त्याने साडी जरा उचलून बघितलं आणि तिकीट मागितलं नाही.

*

रविवार. फोन.

"उत्तम," महेशदादा म्हणाला. "म्हणजे अरफाचे ते खरे चेहरे आणि जुने ते मुखवटे. दिव्याचंही जमलं. मेलेलासुद्धा जमला. भारी आहे. पण का?"

"काय का?"

"ज्यातून दिसत नाही ते तोंडावर चढवून अनोळखी यानात कोण जाईल? मी तर डोळे फाडून जाईन. बाई म्हणाली सोंग घेतात. का घेतात?"

"माहीत नाही."

"मग अर्धंच आणलंस. चॅनलचा माणूस सेटवर असणारे. त्याच्यासमोर तालीम घेतो, एकदाच. त्याला पटलं तर ठेवू."

मी कुसाबाईंना फोन लावला. रेंज नव्हती.

*

सोमवार, पावणेनऊ. अंबडच्या पुढे एका बंद कारखान्यात सेट आहे.

दृश्य कागदावर असं होतं: ओरव यानाच्या दाराशी येते. मुखवटा चढवते. आत येऊन डॉक्टरसमोर उभी राहते. डॉक्टर विचारते, तुम्हाला काय हवंय?

ओरव हर्षाली करणार होती. डॉक्टर तेजस्विनी. चॅनलचा माणूस खुर्चीत बसून चहा पीत होता. मी मॉनिटरमागे उभी होते, वही उघडी, पेनाचं टोपण दातांत.

हर्षाली अरफाच्या चेहऱ्यात सुंदर दिसत होती. पापण्या हलत होत्या. तिने कागदाचं तोंड उचललं आणि त्या चेहऱ्यावर चढवलं.

आणि जागच्या जागी थांबली.

नाकातून खाली बघायचं हे मी तिला सांगितलं होतं, पण सिलिकॉनचं नाक मध्ये येत होतं. तिला काहीच दिसत नव्हतं. एक पाऊल टाकलं. दाराचा उंबरठा बुटाने चाचपला. हात पुढे केला, तो हवेत राहिला.

चॅनलच्या माणसाने कप खाली ठेवला. महेशदादा 'कट' म्हणणार होता, मला त्याचं तोंड उघडलेलं दिसत होतं.

तेजस्विनीच्या हातात डॉक्टरची बॅटरी होती, प्रॉप म्हणून. तिला कागदावर जागेवरून हलायचंच नव्हतं. ती हलली. दारापर्यंत गेली, हवेतला तो हात आपल्या खांद्यावर ठेवून घेतला, बॅटरी लावली आणि उजेड जमिनीवर पाडत हळूहळू पुढे चालू लागली. मागून हर्षाली. डुलत, बिचकत. जुन्या मालिकेतल्यासारखी, अगदी तशीच.

दोघी टेबलापाशी पोचल्या. तेजस्विनीने खुर्ची ओढून दिली, हर्षालीचा हात धरून खुर्चीच्या पाठीला लावला. मगच तिचं वाक्य म्हणाली, पण ते आता प्रश्नासारखं वाटत नव्हतं.

"कट," महेशदादा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात, "म्हणजे समोरच्याने हात धरावा म्हणून."

"असेल," मी म्हटलं.

"असेल काय. लिही."

"दिसत नाही असं होऊन जायचं," अरफा स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. "समोरचा मारतो का धरतो, तिथेच कळतं. बाप रे. मी नसते गेले." मग एकदम, "अगं, पण मग तो उजेड्या आपल्यातलाच झाला. माणूस."

चॅनलच्या माणसाने दुसरा चहा मागवला आणि विचारलं की असे मुखवटे अजून किती मिळतील.

*

ओरव राहिले.

जेवणाच्या सुट्टीत कोश उघडला. एकेचाळीस पानं निवडली, पुसली. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. नवी नोंद केली:

उजेड्या. माणूस. यानातला. नाव माहीत नाही.

मग ही नोंद कुठे खोटी पडते का ते बघायला जुने भाग लावले. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यात ओरव बोगद्यातून येतात, पुढे राख फासलेला चंदर, दिवा उंच धरलेला. बाही मागे सरते. मनगटावर घड्याळ आहे. काळ्या पट्ट्याचं, स्वस्तातलं.

ही चूक मी नऊ वर्षांपूर्वी, पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवली होती. परग्रहावरच्या जीवाच्या हातात घड्याळ, सेटवर कुणाचंही लक्ष नाही.

माणसाच्या हातात तर ते असणारच. चित्र थांबवलं. मोठं केलं. काटे दिसतात का बघत होते.