मायक्रोमोलची तडजोड

आमच्या जावईबापूंना, म्हणजे माझ्या नणंदेच्या नवऱ्याला, रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळाला होता, हे आमच्या घरातल्या भिंतींनाही पाठ आहे. म्हणूनच सासऱ्यांनी रोपांची खतं बनवायच्या आमच्या कारखान्यात त्यांना माझ्या डोक्यावर आणून बसवलं. माझीही पदवी त्याच विषयातली आणि वर्गही तोच. पण मी पडले सून.

नर्सरीवाल्या बाईंनी द्रावण मागवलं होतं. लिटरमागे पन्नास मायक्रोमोल बोरॉन. बोरॉन रोपांना नावापुरतंच लागतं, जास्त झालं की पानं जळतात, आणि बाईंची या हंगामाची सगळी रोपं त्याच द्रावणावर वाढायची होती. आमचा वजनाचा तक्ता मिलिमोलमध्ये आहे. एका मिलिमोलमध्ये हजार मायक्रोमोल, तेव्हा पन्नासला हजाराने भागायचं, की झालं. जावईबापूंनी गुणलं.

सकाळी जाऊन बघते तर दहा लिटर पाण्याच्या पिंपात बोरिक ॲसिडची अख्खी गोणी उपडी केलेली, आणि हे महाशय घामाघूम होऊन काठीने पांढरा चिखल ढवळताहेत.

“विरघळतच नाहीये. पाणी थंड आहे,” ते म्हणाले.

“भाऊजी, पाण्याला कशाला नावं ठेवता? भागायचं होतं.”

“अहो वहिनी, मिलिमोल मोठा, म्हणून आकडाही मोठा. साधी गोष्ट आहे.”

“मग पन्नास ग्रॅमचे किलो करताना पन्नास हजार म्हणाल का?”

“ग्रॅम वेगळे, मोल वेगळे. वरचं पाणी गाळून कॅन भरतो मी. बाई येतीलच एवढ्यात.”

पालथ्या घड्यावर पाणी! त्या गाळलेल्या पाण्यानेही रोपं मेली असती. मी सासऱ्यांना बोलावून दोन्ही आकडे समोर ठेवले. माझा शून्य दशांश शून्य पाच मिलिमोल, त्यांचा पन्नास हजार. सासऱ्यांनी जन्मभर नातेवाइकांची भांडणं मिटवली आहेत आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. त्यांनी चष्मा पुसला आणि निवाडा केला, “घरात वाद नको. मध्य काढा.”

जावईबापू लगेच उदार झाले. “बाबा म्हणताहेत तर मी पंचवीस हजारावर येतो.”

मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले. माझा नवरा दारातूनच मागे फिरला.

“तूही थोडं सोड की,” सासरे म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्यासमोरच बाईंना फोन लावला. “आमचं द्रावण नेऊ नका, रोपं जळतील. दुसरीकडून घ्या.”

फोन ठेवला तेव्हा सासऱ्यांचा चेहरा लाल झाला होता. पिंपाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

“घरातली चूक बाहेर सांगितलीस?”

“रोपं बाहेरची आहेत, बाबा,” मी म्हटलं. “ती तुमच्या शब्दाखातर जगणार नाहीत.”