एकतीस मिनिटं

बाराचा भोंगा झाला आणि कवळीवाल्याने उजवी दाढ डावीकडच्या मेणात रुतवली. सव्वीस वर्षं तो दुसऱ्यांना दात करून देतोय. असली चूक शिकाऊ माणसानेही केली नसती. त्याने दाढ उपटली, मेण पुन्हा तापवलं आणि मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. खिडकीत अख्खा डोंगर होता, आणि त्याची मुलगी आत्ता, भर उन्हात, तो पळत चढायला लागली होती.

या डोंगरावर पळणाऱ्यांची एक रीत आहे. कारखान्याचा बाराचा भोंगा वाजला की पायथ्याच्या पाण्याच्या टाकीपासून सुटायचं. शिखरावर पोचलं की घड्याळ बघायचं आणि तिथल्या पत्र्याच्या डब्यातल्या वहीत, बारावर किती मिनिटं झाली ते लिहायचं. खाली पंच नाही, वर पंच नाही; माणसाचा शब्द हाच पुरावा. सकाळच्या गारव्यात काय, कुणीही पळेल, बाराला पळतो तो खरा, असं ही मंडळी मानतात. डोकी जरा तापलेलीच असतात म्हणा. त्या वहीत गेली अकरा वर्षं सगळ्यांच्या वर कवळीवाल्याचा आकडा होता. डोंगरावर त्याला कुणी नावाने हाक मारतच नसे. ‘काय एकतीस, बरं आहे ना?’ असं विचारत.

आणि ते एकतीस खोटं होतं.

त्या दिवशी तो अंग मोकळं करायला म्हणून आधीच रमतगमत चढायला लागला होता. भोंगा झाला तेव्हा तो दुसऱ्या वळणावर होता. आता परत खाली कोण जातंय, म्हणून तिथूनच सुटला. वर दोन म्हातारे बसले होते. त्यांनी घड्याळ बघितलं, टाळ्या वाजवल्या आणि स्वतःच वहीत आकडा लिहून टाकला. हा सांगणार होता, अगदी शपथेवर सांगणार होता; पण धापेने तोंडातून शब्द फुटेना, आणि दम परत आला तोवर चार जणांनी पाठ थोपटली होती. मग काय, झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ झाकून ठेवायची तर घरात पळणारी मुलगी असू नये. ही बावीस वर्षांची, नकाशे काढण्याच्या कचेरीत कामाला. महिनाभर रोज जेवणाची सुट्टी डोंगरावर घालवत होती आणि पस्तिसाच्या खाली काही येत नव्हती. डावा गुडघा सुजून टम्म झाला होता. आई ओरडून थकली, डॉक्टरांनी पळणं बंद म्हणून सांगितलं. आज सकाळी गुडघ्याला पट्टा आवळताना ती म्हणाली की आज एकतिसाच्या आत, मग पाय मोडला तरी बेहत्तर. त्या वेळी कवळीवाल्याने सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं, आणि चहात साखर कमी आहे असं म्हणाला.

दंतवैद्यबाईंचा फोन आला. पेशंट दोनला येतोय, कवळी होईल ना? होईल, होईल, असं त्याने खिडकीकडे बघतच सांगितलं. सव्वाबाराला तिची लाल टोपी उघड्या कातळावर दिसायला हवी होती. दिसली नाही. त्याने उगाच मेण कोरायची पटाशी पुसली, दिवा विझवला, पुन्हा लावला. आणखी वीस मिनिटांनी टोपी दिसली, दहा-बारा पावलं गेली आणि थांबली. पुन्हा चालली, पुन्हा थांबली. मेण तसंच टाकून तो ॲप्रनसकट बाहेर पडला.

पन्नाशीतला माणूस, पायात कामाच्या चपला, डोक्यावर सूर्य. पहिल्या वळणाला घशाला कोरड पडली, दुसऱ्याला बरगडीत कळ आली. तिथे त्याने मान खाली घातली आणि तसाच चढत राहिला. सांगायचं कसं याची वाक्यं तो जुळवत होता. एकही धड होत नव्हतं. जिच्यासमोर अकरा वर्षं छाती पुढे काढून चाललो, तिला काय म्हणायचं? आणि नाही सांगितलं, तर पोर उद्या पुन्हा येणार, याची त्याला खात्री होती.

शिखराच्या जरा खाली, दगडाच्या टीचभर सावलीत ती बसली होती. पट्टा सोडलेला, गुडघा लाल, बाटली रिकामी. त्याला बघून तिने तोंड फिरवलं.

“ते एकतीस खरं नाही,” तो म्हणाला. जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही. “भोंगा झाला तेव्हा मी दुसऱ्या वळणावर होतो.”

“माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“बाबा, तुमची बाटली माझ्या हातात होती. मला तिथेच बसवून तुम्ही पळालात.”

ती सोबत होती हे तो कधी विसरला नव्हता. अकरा वर्षांच्या पोरीला त्यातलं काही कळलं असेल, हे मात्र त्याच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. तो तिच्या शेजारी बसला.

“मग हे सगळं कशासाठी? पायाची ही दशा करून?”

ती सांगू लागली. आता नवी मंडळी मनगटावर सगळं मोजतात. चौतिसाच्या आत कुणीच येत नाही. हल्ली वर वही उघडली की ते एकमेकांकडे बघून हसतात. रोज वर बसून वही सांभाळणारे मास्तर तर परवा तिच्यासमोरच हसले.

“म्हटलं, मी एकदा खरंच एकतीसमध्ये आले, की तुमचंही कुणाला खोटं वाटणार नाही.”

कवळीवाल्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. ॲप्रन काढून त्याने तिच्या गुडघ्यावर घट्ट बांधला, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि तिला उठवलं. ती उताराकडे वळली.

“तिकडे नाही,” तो म्हणाला. “आधी वर, वहीपाशी. मास्तर अजून वरच असतील.”