उस्तीन्या आजीचा टोमॅटो

आमच्या आजीचा टोमॅटो परदेशात कुणा सरदाराच्या नावावर विकला जातो हे कळलं, तेव्हा दोन दिवस मी घरभर शिव्या घालत फिरले. भाचीने तिकडच्या बियाण्यांचा कॅटलॉग पाठवला होता. फोटो आमच्याच टोमॅटोचा: गुलाबी, देठापाशी भेगाळलेला, एकेक अर्ध्या किलोचा. खाली लिहिलं होतं की झारच्या काळात एका सरदाराच्या काचघरात ही जात तयार झाली. कसला सरदार! त्या मेल्याने जन्मात कधी शेणाला हात लावला होता का?

आमची हकीकत अशी. एक्केचाळीस साली लढाई मागे लागली तेव्हा उस्तीन्या आजी स्मोलेन्स्ककडून दोन पोरं घेऊन व्होल्गाकाठच्या या गावात आली, आणि येताना डोक्याच्या रुमालाच्या गाठीत टोमॅटोचं बी घेऊन आली. हे सगळं आईने सांगितलेलं. आजी स्वतः असल्या गोष्टी बोलत नसे. तिला सरकारने हे विटांचं घर दिलं. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जर्मन कुटुंबांना शत्रूची माणसं ठरवून महिनाभर आधीच गाड्यांत भरून सैबेरियाकडे नेलं होतं. अर्ध्या गावाला घरं तशीच मिळाली आहेत. त्याबद्दल इथे कोणी बोलत नाही, मीही बोलत नव्हते.

मी रोदिओन लाझारेविचना पत्र लिहिलं. हा सारातोवचा निवृत्त माणूस. सारं आयुष्य जुन्या सरकारी दप्तरखान्यांत घातलं आणि आता जुन्या टोमॅटोंची खरी कुळी शोधत गावोगाव फिरतो. त्याच्या यादीत ज्याचं नाव लागलं त्याचं ते कायमचं, असं बागवाले मानतात. मला आजीचं नाव तिथे हवं होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, थडग्याच्या दगडावर लावायला फोटोसुद्धा मिळाला नाही. निदान टोमॅटोवर तरी नाव राहावं.

तो एप्रिलात आला. बूट चिखलाने माखलेले, गाडी लांब डांबरी रस्त्यावर ठेवलेली. चहा झाल्यावर म्हणाला, "ताइसिया प्रोखोरोव्ना, गोष्टी मला रोज ऐकायला मिळतात. दाखवायला काय आहे?"

"आहे ना!" मी तोऱ्यात चहाचा पत्र्याचा डबा काढला.

आम्ही टोमॅटो कागदावर पिळून बी वाळवतो. ते तिथेच चिकटतं, बाजूला नाव लिहायचं आणि वसंतात हवा तेवढा तुकडा फाडायचा. डब्यात तळाशी सगळ्यात जुना कागद होता. आजीने तो कधी पेरू दिला नाही. आईने एकदा मागितला तर म्हणाली, "तो राहू दे. कोणी विचारत आलं तर काढायचा." बियांशेजारी पेन्सिलीच्या नागमोडी रेघा होत्या. त्या आजीच्याच खाणाखुणा, असं आम्ही लहानपणापासून समजत होतो.

त्याने कागद खिडकीशी धरला आणि रेघांवरून हळूहळू बोट फिरवत नेलं.

"या रेघोट्या नाहीत. जुन्या वळणाचं जर्मन आहे."

"काहीतरीच काय!"

"गुलाबी मोठा. एमिलियाने निवडला. ऑगस्ट एकोणीसशे चाळीस." त्याने चष्मा काढून पुसला. "खाली आडनाव आहे. गेर्लाख. हे घर कोणाचं होतं?"

मला माहीत होतं. तळघराच्या दारावर ते आडनाव कोरलेलं आहे, मी त्याच्यासमोर बटाट्यांची पोती रचते.

"म्हणजे आमची आजी चोर?"

"तसं मी म्हटलं नाही."

"घर सरकारने दिलं. घराबरोबर बाग आली. तिने काय पोरांना उपाशी ठेवून टोमॅटो उपटून टाकायचे होते?"

"नाही हो. तुमच्या आजींनी ही जात जगवली, तेही मी लिहीन. पण निवडली एमिलियाने, ते आधी लिहीन." तो उठला. "कॅमेरा गाडीत राहिला. आलोच."

मी खिडकीतून त्याला चिखल तुडवत जाताना पाहिलं. मग किटलीतलं कोमट पाणी बशीत ओतलं आणि कागद त्यात बुडवला. पेरायच्या आधी आम्ही असंच भिजवतो. पेन्सिल कॉपिंगची होती, ओली झाली की शाईसारखी पसरणारी; पाणी लागताच जांभळी फुटली. मी अंगठ्याने चोळलं. एकही अक्षर ओळखू येईनासं होईपर्यंत चोळत राहिले.

तो दारात थबकला. "हे काय केलंत?"

"भिजत घातलं. उगवतंय का बघू म्हटलं."

"अडुसष्ट वर्षांचं बी?"

तो स्टुलावर बसला, रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"दुसरं काही आहे दाखवायला?"

"माझा शब्द आहे."

"शब्द तर सरदारवाल्यांकडेही आहे," तो म्हणाला.

शरदात त्याची छापील यादी पोस्टाने आली. आमचा टोमॅटो चौदाव्या पानावर आहे. नाव 'व्होल्गाचा गुलाबी'. मूळ: अज्ञात. आजी नाही, एमिलिया नाही, कोणीच नाही. परदेशात सरदार अजून मजेत आहे.

ते बी मी कुंडीत घातलं होतं. एकही कोंब आला नाही.

यंदा पीक इतकं आलं की शेजारणींना बादल्या भरून वाटलं. मी स्वतः एकही खाल्ला नाही. हिवाळ्यासाठी बरण्या भरताना तळघरात उतरले, तर पोती संपलेली आणि दारावरचं आडनाव समोर. तिथेच पायरीवर बसले. आजीला अक्षर येत नव्हतं, पण कागदावरचं ते लिखाण कोणाचं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती या घरात चाळीस वर्षं जगली आणि तो कागद तिने जपला, कारण गेर्लाखांपैकी कोणीतरी एक दिवस विचारत येईल आणि त्यांना तो द्यायचा. आणि मला वाटत होतं, तिने तो आमच्यासाठी ठेवलाय.