ओरडणारा ब्रेक

उतारावर दुधाचे कॅन कलंडले, सून गाडीसकट चिखलात गेली, आणि त्याच दिवशी खटपट्याच्या घरात निकाल लागला: यापुढं तिनं मोटारसायकलला हात लावायचा नाही.

निकाल सासऱ्याचा. "गाडी आवरत नाही अन् निघाली दूध घालायला. अडाण्याचा गेला गाडा, वाटेवरची शेतं काढा."

नवरा, म्हणजे आमचा शेजारी खटपट्या, मान खाली घालून उभा होता. हे नाव त्याला उगाच पडलेलं नाही. दार कुरकुरलं, ओत तेल. पंप कुरकुरला, ओत तेल. आदल्याच दिवशी पुढचा ब्रेक किंचाळायला लागला, तर यानं त्याच्या चकतीवरही तेल सोडलं, आणि मला हाक मारून म्हणाला, "बघ, कसा गप झाला." मीही शहाणा, मान डोलावली. आता दोघांच्याही तोंडाला कुलूप होतं. तिचं कोपर सोललेलं बघवत नव्हतं आणि बोलवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी गाडी ढकलत मिस्त्रीकडं नेली. सून आली, सासराही आला. मिस्त्रीनं चाक काढलं, पॅडवर बोट फिरवलं, हुंगलं.

"ब्रेकला तेल कुणी पाजलं?"

दुकानातल्या बाकावर बसलेले हसले. "वहिनींनीच पाजलं असेल. चूल अन् गाडी सारखीच वाटली असेल."

ती जमिनीकडं बघत राहिली. खटपट्याचे कान लाल झाले. मला वाटलं, हा आताही गिळणार.

"मी पाजलं," तो म्हणाला. "आवाज करत होता म्हणून."

सासऱ्यानं उगाच पायातली चप्पल काढून झटकली. लाज मलाही वाटली, पण मी काही बोललो नाही, हे सांगितलेलं बरं.

"तेल प्यालेला ब्रेक धरत नाही. हे पॅड गेले कामातून," मिस्त्री म्हणाला आणि दोन पुड्या पुढं ठेवल्या. "हे आवाज करत नाहीत, पण ओझं असलं की कमी धरतात. हे घट्ट धरतात, पण अधूनमधून ओरडतात."

खटपट्याचा हात सवयीनं पहिल्या पुडीकडं गेला आणि अर्ध्यातून मागं आला. बापाकडं न बघता तो बायकोला म्हणाला, "तू सांग. गाडी तूच नेणार आहेस."

"ओरडणारे द्या," ती मिस्त्रीला म्हणाली. "गाडी थांबली पाहिजे. गाव जागं झालं तरी चालेल."

सासरा खाकरला, पण निकाल पुन्हा वाचून दाखवला नाही.

परतताना ती हळूच नवऱ्याला म्हणाली, "पडले तेव्हाच तेलाचा वास आला होता मला. म्हटलं, तुम्ही कधी सांगता ते बघू."



आता रोज सकाळी उतारावर ब्रेक ओरडतो, आणि अंगणात शेण भरणाऱ्या खटपट्याची मान खाली जाते. तेलाची बुधली त्यानं माझ्याकडं ठेवायला दिली आहे. मीही ती फळीवर, मागं सारून ठेवली आहे.