बाबांच्या हाताखालची सावली

सकाळचे ऊन स्टुडिओत येई ते परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे, दबकत. आधी अर्ध्या उघडलेल्या शटरखालून त्याची एक पट्टी फरशीवर सरके. मग स्टुलाचा पाय, पडद्याची मळकी कड, काउंटरची काच असे एकेक चाचपत ती भिंतीवरच्या चौकटींपर्यंत चढे आणि तिथल्या नवरानवरींच्या, बाळांच्या चेहऱ्यांवर जरा रेंगाळे. पण उन्हाचा सगळा जीव उंबऱ्याशी, मुकादमाच्या पाठीवर.

मुकादम हा बाबांचा कुत्रा. घरातल्या प्रत्येकाच्या कामावर देखरेख करी, म्हणून बाबांनीच ठेवलेले नाव. गेल्या वर्षी एका सकाळी दोघे नदीकडे फिरायला गेले आणि मुकादम एकटाच परतला. तेव्हापासून तो उंबऱ्यावर बसून वाट पाहत असे. आणि आत, जुने फोटो दुरुस्त करता करता, मुलगाही. बाबा विसरभोळे झाले होते, चुकून भलत्याच गाडीत बसले असतील, असे तो विचारणाऱ्याला सांगे.

ताईला मात्र भिंतीवर बाबांचा फोटो हवा होता.

"अरे, दुनियेचे गेलेले बाप तू फोटोत आणून बसवतोस, आणि आपल्या बापाला एक चौकट मिळू नये?"

"गेलेल्यांचा लावतात, ताई."

"तुझं म्हणजे आजचं मरण उद्यावर. आई रोज विचारते मला. ते कुत्रं काढून टाक आणि नुसते बाबा दे."

कुत्र्याशिवाय बाबांचा धड फोटोच नव्हता. कॅमेरा दिसला की त्यांचे अंग आखडे. मुकादमाच्या मानेवर हात ठेवला की चेहरा सैल होई. मुलाने स्वतः काढलेला नदीकाठचा फोटो निवडला. पाण्याला भिणारा मुकादम त्यात मागे रेटत होता आणि बाबा त्याला धीर देत हसत होते.

त्याने कुत्रा केसाकेसाने पुसला. त्या जागी वाळू भरली, थोडे गवत उगवले. हात तेवढा तसाच राहिला. बोटे किंचित वाकलेली, हवेतच कुणाची तरी मान धरून.

आज ताई आली. प्रिंट हातात घेऊन ती शटरखालच्या उजेडात गेली.

"कुत्रा काढलास," मग ती हळूच म्हणाली, "पण ही सावली कुणाची ठेवलीस?"

आधी सावली पुसायची, मग तिचा धनी. या धंद्यातला पहिला धडा. शिकाऊ असतानाही तो असा चुकला नव्हता. वाळूवरून निघालेली ती सावली काठ ओलांडून थेट पाण्यात गेली होती. दोन कान, ताठ शेपूट. जन्मात पाण्याला पाय न लावणारा मुकादम बाबांच्या पुढ्यात नदीत उतरला होता.

"पुसतो," तो म्हणाला. पण जागचा हलला नाही.

उंबऱ्यावरचे ऊन सरकले. मुकादम उठला, आत आला आणि रस्त्याकडे पाठ करून त्याच्या पायाशी अंग टाकून पडला. आजवर तो असा कधी आत आला नव्हता. नकळत त्याचा हात कुत्र्याच्या मानेवर गेला. बोटे बरोबर तशीच वाकली. केस कोरडे होते, उबदार होते. एकदा ते त्याने टॉवेलने खसाखसा पुसले होते, घरात कुणी उठण्याआधी.

"ताई," तो म्हणाला, "त्या सकाळी मुकादम परत आला ना, तेव्हा तो मानेपर्यंत ओला होता."