मास्तरांची हातोडी

टेलरमास्तरांना टेनिस एल्बो झाल्याचं कळलं, तेव्हा त्यांचा मेहुणा सोफ्यावरून न उठताच म्हणाला, "कमाल आहे भाऊजी! टेनिस खेळायला जाता आणि घरात पत्ता लागू देत नाही?"

मास्तरांनी जन्मात रॅकेट धरली नव्हती. तीस वर्षं धरली होती ती जाडजूड कात्री, आणि तिनेच उजव्या कोपराची वाट लावली होती. चहाचा कप उचलला तरी कळ मनगटापर्यंत जायची. पण मेहुण्याला कोण सांगणार? बायकोचा हा थोरला भाऊ चार दिवसांसाठी म्हणून आला, त्याला तीन महिने झाले होते. सोफा, टीव्हीचा रिमोट आणि घरातल्या प्रत्येक बाबतीतला शेवटचा शब्द त्याच्या ताब्यात. मास्तर पडले मऊ. 'कधी निघणार?' हा प्रश्न त्यांच्या जिभेवर यायचा आणि 'चहा घेणार का?' होऊन बाहेर पडायचा.

फिजिओथेरपीच्या बाईंनी घरी करायचे व्यायाम दिले. हात सरळ करून पंजा खाली वाकवायचा. पाण्याची छोटी बाटली धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं. आणि तिसरा व्यायाम हातोडीचा. टेबलावर हात टेकवून मुठीत हातोडी उभी धरायची आणि सावकाश एकदा आत, एकदा बाहेर वळवायची. दहा वेळा. "घाई नको, दुखलं की थांबायचं, श्वास सोडत राहायचं," बाईंनी बजावलं.

घरात रिकामं टेबल एकच, सोफ्यासमोरचं. संध्याकाळी मास्तर मेहुण्याच्या बरोबर समोर बसले. हातोडी उचलली. आत. बाहेर. "एक," ते पुटपुटले आणि फुस्स करून श्वास सोडला.

व्यायाम कोणते दिलेत, हे मेहुण्याने विचारलंच नव्हतं. त्याच्या मते इलाज एकच, खेळ बंद करा.

"काय चाललंय भाऊजी?"

मोजणी चुकेल म्हणून मास्तर बोलले नाहीत. "चार." फुस्स.

मेहुण्याने टेबलावरचे पाय खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याने धीर करून विचारलं, "हे किती दिवस चालणार?"

"आठ आठवडे," मास्तर म्हणाले. "पण लवकर जमलं, तर आधीच उरकून टाकेन."

त्या रात्री मेहुण्याने स्वतःचं ताट घासलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांची घासली. चौथ्या दिवशी तो स्वयंपाकघरात बहिणीला गाठून कुजबुजला, "अगं, भाऊजी रागावलेत का माझ्यावर?"

मास्तरांच्या बायकोला सगळं कळलं. पण इतकी लख्ख भांडी तिने तीन महिन्यांत पाहिली नव्हती. "मला काही बोलले नाहीत रे दादा," ती गंभीरपणे म्हणाली. "तू मात्र त्यांच्या मोजणीच्या मध्ये येऊ नकोस."

आठव्या दिवशी मास्तर मोजत मोजत नऊपर्यंत पोचले होते. दारात मेहुणा उभा, हातात भरलेली बॅग.

"भाऊजी, चुकलं माझं. रिमोट कपाटावर ठेवलाय. चादरी घडी केल्यात. आता ती हातोडी तेवढी खाली ठेवा."

"अहो, ही तर कोपरासाठी आहे!"

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. "कोणाच्या?"

स्वयंपाकघरात काहीतरी खणकन पडलं आणि पाठोपाठ बायकोचं हसणं फुटलं. मास्तरांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बाही वर करून कोपर दाखवलं, बाईंचा चित्रांचा कागद दाखवला. मेहुण्याने कागद उलटसुलट वाचला आणि तो बॅगेवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

गेला मात्र तो. म्हणाला, बॅग भरलीच आहे, आता कोण सोडणार! खरं म्हणजे त्यालाही घरची आठवण येत होती; नीघ असं कोणी म्हटलं नव्हतं, एवढंच.

मास्तरांचं कोपर दोन महिन्यांत बरंच सुधारलं. मेहुणा आता रविवारी येतो, फोन करून. मास्तर हातोडी धरतात आणि मोजायचं काम तो स्वतःकडे घेतो.

"सात."

"सात झाले, दादा. आठ म्हणा."

"हात टेबलावरून उचलला होता, तो धरलेला नाही. सात!"

मास्तर निमूटपणे हातोडी पुन्हा आत वळवतात.